ताबेदारी आणि आज्ञापालन

देवाची आज्ञा पाळा, म्हणजे आत्मिक वाढ होईल, हे ख्रिस्ती उपदेशातले वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही प्रश्न दडला आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. वर्षानुवर्षे उपासना न चुकवणारा, दशांश देणारा, पाळकांच्या शब्दाबाहेर न जाणारा सभासद सुनेशी, शेजाऱ्याशी, शेतावरच्या मजुराशी वागताना होता तिथेच राहिलेला असू शकतो. उलट, ज्यांच्यावर वडीलधाऱ्यांनी उद्धटपणाचा शिक्का मारला अशा काही जणांचा विश्वास पुढे इतका मुरला की नंतरच्या पिढ्या त्यांच्याकडून शिकल्या. मग आज्ञापालन आणि प्रौढता यांचे नाते काय? नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथल्या अनेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. कोणी कोणाचे ऐकायचे हे त्यांच्यासाठी जन्मानेच ठरलेले होते. अशा लोकांना आज्ञापालन शिकवायचे तर आधी सांगावे लागते, की जुनी ताबेदारी आणि विश्वासाचे आज्ञापालन यांत फरक कोणता. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: किती आज्ञा पाळल्या यावरून प्रौढता मोजता येत नाही. आज्ञा कोणाची आहे हे पारखण्याची आणि आपल्या कृतीचा जाब स्वतः देण्याची कुवत किती वाढली, यावरून ती मोजावी लागते.

पवित्र शास्त्रात या म्हणण्याला भरपूर आधार आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दोन विचार लागोपाठ येतात. आधी सांगितले आहे की येशू पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञापालन शिकला. आणि लगेच वाचकांची कानउघाडणी आहे, की तुम्ही एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते, पण अजून दुधावरच आहात. तिथे प्रौढ कोणाला म्हटले आहे? सरावाने ज्याला बऱ्यावाइटाची पारख जमू लागली आहे त्याला. म्हणजे आज्ञापालनाचा सराव ज्या दिशेने न्यायचा ती दिशा विवेकाची आहे. गलतीकरांच्या पत्रात पौल नियमशास्त्राला मुलांवर नेमलेल्या रखवालदाराची जागा देतो आणि वारस वयात आला की ती रखवाली संपते असे बजावतो. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, कारण धन्याचा हेतू दासाला ठाऊक नसतो आणि मित्राला सांगितलेला असतो. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगेही इथे आठवतात. एकाने बापाला तोंडावर नाही म्हटले आणि नंतर मळ्यात गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेलाच नाही. दाखला पहिल्याच्या बाजूने कौल देतो. त्याच शास्त्रात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा आणि अधिकाऱ्यांच्या अधीन असा, असेही सांगितले आहे. ते झाकून चालणार नाही. पण यरुशलेमच्या न्यायसभेसमोर उभे राहून माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे असे सांगणारे प्रेषितही त्याच शास्त्रात आहेत. मानवी अधिकाराला मान आहे, पण तो शेवटचा नाही, हा या साऱ्या वचनांचा एकत्रित अर्थ.

मंडळीच्या इतिहासात हा तोल कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला गेला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी केलेल्या नियमावलीत विलंब न लावता आज्ञा पाळणे ही नम्रतेची पहिली पायरी मानली आहे. पण त्याच नियमावलीत असेही आहे, की महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सगळ्यांना बोलावून विचारावे, कारण पुष्कळदा देव धाकट्यालाच चांगला मार्ग दाखवतो. इग्नेशियस लोयोला यांनी १५५३ मध्ये पोर्तुगालच्या येशूसंघीयांना लिहिलेले पत्र अधिक कडक आहे. कृतीने आणि इच्छेने पाळणे पुरेसे नाही, आपली समजूतही वरिष्ठांच्या समजुतीशी जुळवावी, असे ते म्हणतात; तरी प्रार्थना करून आपला वेगळा विचार वरिष्ठांपुढे मांडायला तेही वाट ठेवतात. मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये ख्रिस्ती माणूस एकाच वेळी कोणाचाही दास नसलेला आणि सर्वांचा सेवक असतो अशी मांडणी केली. विसाव्या शतकात जर्मनीत रोमकरांच्या पत्रातील तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन अनेक ख्रिस्ती हिटलरच्या सत्तेपुढे वाकले. त्याच काळात, १९३७ मध्ये, डीट्रिख बोनहोफर यांनी शिष्यत्वावरच्या पुस्तकात विश्वास आणि आज्ञापालन यांची फारकत होऊच शकत नाही असे ठासून सांगितले. आज्ञापालनाचा हा कट्टर पुरस्कर्ता राजसत्तेची आज्ञा मोडून एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला. कोणाची आज्ञा, हा प्रश्न किती आज्ञा यापेक्षा मोठा असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आधुनिक काळात क्वचितच मिळेल. डिसेंबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणापत्रात विश्वासाच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये असे जाहीर केले. मराठवाड्यासाठी औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला तो या परिषदेनंतरच्या वातावरणात.

मराठवाड्यात ख्रिस्ती मंडळी उभ्या राहिल्या त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मूळचे ब्राह्मण असलेले आणि १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांना तिथे स्वतःचे अंगण मिळाले. उदगीर-निलंग्याचा पट्टा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, लातूर हे उस्मानाबादचे तालुक्याचे गाव होते आणि लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. बिदर हे मेथडिस्ट मिशनचे मोठे केंद्र असल्याने त्या परंपरेचा ठसा सीमाभागावर उमटला. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू मुलखाची शेजारधर्माची ये-जा होतीच. या सगळ्या भागात एकेकटा माणूस विचार करून धर्म बदलतो असे फार थोडे घडले. पुष्कळदा भावकीच्या भावकी, वाड्याच्या वाड्या एकदम आल्या. साहजिकच टीका झाली, की हे लोक धान्यासाठी, शाळेसाठी, पाटलाच्या जाचातून सुटण्यासाठी आले. त्यांच्याकडून आत्मिक प्रौढतेची कसली अपेक्षा करायची? राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेच्या वतीने जे. वास्कम पिकेट यांनी भारतातील अशा सामुदायिक चळवळींचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. माणूस कोणत्या हेतूने आला यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर त्याला शिक्षण, नियमित उपासना आणि सांभाळ किती मिळाला, यावर त्याची पुढची वाढ अधिक अवलंबून होती, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष. आपल्या प्रश्नासाठी तो फार मोलाचा आहे. हुकमाने आलेला माणूस कायम हुकमाचाच राहतो असे नाही. त्याला घडवण्याचे काम मंडळी करते की नाही, यावर सारे ठरते. तेलुगू बाजूला दोर्णकलचे बिशप व्ही. एस. अझारिया यांनी हे ओळखले होते. १९१२ मध्ये बिशप झालेले अझारिया पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाने स्वतः सुवार्ता सांगायची, हा त्यांचा आग्रह होता. काल ज्याला दुसऱ्याच्या दारात तोंड उघडायची मुभा नव्हती, त्याच्यावर बोलण्याची जबाबदारी टाकणे हेच त्याचे शिक्षण होते.

पण आज्ञा आणि विवेक यांची खरी कसोटी मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढची दोनेक वर्षे तिथल्या मठातील त्यांच्या धर्ममार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज्ञापालनावरचा मराठी माणसाने केलेला कदाचित सर्वांत मूलगामी वाद आहे. त्रैक्याचा सिद्धांत, अथानेशियसचा मतांगीकार, इंग्लिश मंडळीचे रिवाज हे सगळे मी केवळ धर्माधिकारी सांगतात म्हणून मान्य करू का, असा रमाबाईंचा प्रश्न होता. जेराल्डीनना त्यात गर्व आणि नम्रतेचा अभाव दिसला. रमाबाईंनी ठामपणे कळवले, की मायदेशातील पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटका करून घेतलेली मी आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही. देवाच्या वचनाला मी बांधलेली आहे. या क्षणी कोणी त्यांना अप्रौढ ठरवले असते तर ते समजण्याजोगे होते. पुढचे आयुष्य मात्र वेगळा निकाल देते. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन, आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर: हे काम ज्या स्त्रीने १९२२ मध्ये मरेपर्यंत रेटले, तिच्यावर स्वैरपणाचा आरोप टिकत नाही. बिशपांना नकार देणारीच वचनाच्या आज्ञेला आयुष्यभर बांधून राहिली. त्यात आणखी एक गोष्ट आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत रमाबाई स्वतःच सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे त्यांनी विवेक राखला, पण तेवढ्यावर आपण प्रौढ झालो असे मानले नाही. विवेकाने वाट मोकळी केली. वाढ झाली ती नंतरच्या चालण्याने.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच प्रश्नाची घरातली बाजू दाखवते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या वर्षांत विरह, सोवळेओवळे, माहेरचा दबाव आणि नवऱ्याची ओढ या साऱ्यांतून त्या गेल्या. पतीची आज्ञा म्हणून धर्म बदलला असता तर त्या काळच्या चालीला ते धरूनच होते, पण तसे झाले नाही. जातीचा विटाळ माणसाने निर्माण केला आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि त्यांनी तो टाकला, असे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसते. पत्नीने पतीच्या अधीन असावे हे इफिसकरांच्या पत्रातील वचन आजही लग्नाच्या उपदेशात हमखास येते. त्याच्या अगदी आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे आहे, ते मात्र फार कमी वेळा ऐकू येते. स्वतः टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनशी वैर न धरता मिशनच्या चौकटीबाहेर पाऊल टाकणे, हेही प्रौढ आज्ञापालनाचे एक रूप आहे.

नांदेडच्या परिसरात या प्रश्नाला ख्रिस्ती नसलेले शेजारही आहेत आणि त्यांच्याकडे पाहिले तर आपला प्रश्न उजळून निघतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडमध्येच गुरुपद ग्रंथाकडे सोपवले असे शीख परंपरा मानते. गुरूनंतर कोणाचे ऐकायचे याचे उत्तर तिथे एका व्यक्तीच्या हाती राहिले नाही. सगळ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाकडे गेले. याच जिल्ह्यातील माहूर महानुभावांना पूज्य आहे. त्या पंथाचा आचारधर्म कडक. तरी ‘लीळाचरित्रा’त पंथप्रवर्तक चक्रधरांना एकामागून एक प्रश्न विचारणारी महदाइसा त्यांची लाडकी शिष्या आहे. प्रश्न विचारणे म्हणजे गुरूचा अवमान, ही समजूत मराठी अध्यात्माची मूळ समजूत नाही. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला पाश्चात्त्य वाऱ्याने बिघडलेला ठरवणाऱ्या पाळकाने या मातीचा इतिहास एकदा पाहावा.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो दलित ख्रिस्ती विचारातून येतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जोहार घालत, वेठबिगार करत जगावे लागले, त्यांच्यापुढे पुन्हा आज्ञापालनाचा आदर्श ठेवणे म्हणजे जुन्या बेडीला नवा मुलामा देणे नाही का? १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते पाहता या भागात ‘पायरीने राहा’ या हुकमाचे मोल जिवाने मोजावे लागले आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरला शूद्र धर्मशास्त्राची मांडणी केली आणि त्यातून पुढे दलित धर्मशास्त्र उभे राहिले. त्यांच्या विचारात सेवकपण हे देवाचेच रूप आहे. म्हणून सेवा करणाऱ्याची मान खाली राहत नाही. या आक्षेपाला उत्तर म्हणून आज्ञापालन सोडून देता येणार नाही, कारण मग ख्रिस्ताचे अनुसरण म्हणजे काय तेच उरत नाही. उत्तर असे, की ख्रिस्ताचे आज्ञापालन वरच्याने स्वखुशीने खाली येण्याचे होते. फिलिप्पैकरांच्या पत्रात ते तसेच वर्णिले आहे. ज्याला आधीच खाली दाबले आहे त्याला तेच वचन दाखवून आणखी दाबणे हा वचनाचा उलटा वापर आहे. अशा माणसाच्या बाबतीत आज्ञापालनाची पहिली पायरी ताठ उभे राहणे हीसुद्धा असू शकते.

दुसरा आक्षेप कृपेच्या बाजूने येतो. तारण कृपेने आहे, मग आज्ञांची एवढी चर्चा कशाला. त्यातून नियमनिष्ठा आणि गर्वच वाढतो. गर्वाची भीती रास्त आहे. उपवास-प्रार्थना, दशांश, साडी-दागिन्यांचे नियम यांची गोळाबेरीज करून स्वतःला आत्मिक समजणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. पण याकोबाच्या पत्रात ऐकून न करणाऱ्याला जी ताकीद आहे ती कृपेविरुद्ध नाही. कृपा खरीच मिळाली का, याची ती खूण विचारते. मेथडिस्ट परंपरेचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी कृपेचाच प्रचार केला, आणि तरीही १७४२ पासून सभासदांचे छोटे वर्ग बांधले, जिथे आठवड्याला एकमेकांची विचारपूस होई. तिथे बढाईला फारशी जागा नव्हती, कारण प्रत्येकाला आपली पडझडही सांगावी लागे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रत्येकाने आपापल्या विवेकाने चालायचे म्हटले तर मंडळी फुटते. नव्या विश्वासणाऱ्याला खंबीर पुढारीच लागतो. यात तथ्य आहे. नवशिक्याला आधार हवा हे पौलही मान्य करतो, नाहीतर दुधाची उपमाच निरर्थक ठरते. ‘माझा विवेक’ या नावाखाली भाऊबंदकी आणि खुर्चीची भांडणेही खपवली जातात. पण याला उपाय म्हणून एका माणसाच्या हाती वचनाचा अर्थ, पैशाचा हिशेब आणि घरातले निर्णय सोपवणे हा रोगापेक्षा वाईट इलाज आहे. पाळकाने सांगितले म्हणून औषध बंद करणारा किंवा मुलीचे लग्न ठरवणारा सभासद विश्वासात मोठा झालेला नसतो. त्याने आपला जाब दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला असतो. बिरुयाच्या लोकांनी प्रेषिताचे बोलणेसुद्धा रोज शास्त्र उघडून तपासले आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना थोर मनाचे म्हटले आहे. एकट्याचा विवेक चुकतो हे खरे. म्हणून त्याला मंडळीत, खुल्या चर्चेत, वडील-धाकटे आणि स्त्री-पुरुष यांच्यासमोर घासून घ्यावे लागते. पुढाऱ्यालाही तोच नियम लागू आहे.

ही पारख किती अवघड असते हे आजच्या एका प्रश्नातून दिसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली; ती अमलात आलेली नाही. त्यामुळे नांदेडमध्ये एकाच गल्लीत राहणाऱ्या, सारखेच हाल सोसलेल्या तीन घरांपैकी बौद्ध आणि शीख मुलांना अनुसूचित जातीची सवलत मिळते आणि कागदावर ख्रिस्ती लिहिणाऱ्याला मिळत नाही. खोटे बोलू नकोस ही आज्ञा स्पष्ट आहे. पण ती फक्त शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलाच्या अंगावर टाकून मोकळे होणे हे आज्ञापालन झाले का? खरे लिहिण्याची किंमत त्या एकाच कुटुंबाने मोजायची आणि उरलेल्यांनी व्यासपीठावरून त्याला उपदेश करायचा, यात ताबेदारीचीच चाल आहे. प्रौढ मंडळी दोन्ही ओझी उचलते: सत्य लिहिणाऱ्याच्या फीची सोय करते आणि अन्याय्य अट बदलावी म्हणून सनदशीर मार्गाने बोलते. एक आज्ञा नीट पाळायला गेले की ती शेजाऱ्यावरच्या प्रीतीच्या दुसऱ्या आज्ञेला जाऊन भिडते. ही गाठ सोडवण्याची ताकद यायला लागली की वाढ सुरू झाली असे म्हणता येते.

या साऱ्या आढाव्यातून निघणारा धडा मंडळीच्या चालकांसाठी आहे. बाप्तिस्म्याच्या तयारीत प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्याबरोबर प्रश्न विचारायला शिकवावे. कमिटीत स्त्रिया आणि तरुण यांना नुसती हजेरीची जागा नको, मताची हवी. हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचावा. शिस्तीची कारवाई करण्याआधी त्या माणसाचे म्हणणे ऐकावे. यातली एकही गोष्ट नवी नाही, बेनेडिक्टच्या मठापासून वेस्लीच्या वर्गापर्यंत यांचे दाखले आहेत. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना एक कसोटी ठेवली आहे: मी समोर असताना तुम्ही जसे आज्ञाधारक होता, त्याहून अधिक मी नसताना व्हा. मेथडिस्ट पाळकांच्या बदल्या होतात, कॅथलिक धर्मगुरू दुसऱ्या धर्मग्रामात जातात, स्वतंत्र मंडळीचे संस्थापक म्हातारे होतात. त्यानंतरच्या वर्षात तिथली माणसे वचन उघडून एकत्र बसतात का, गरिबाची फी भरतात का, भांडण मिटवतात का, की पुढचा हुकूम येईपर्यंत थांबून राहतात, यावरून त्या पाळकाने वारस वाढवले की ताबेदार, हे ठरेल.